मदत हवी आहे: महागडी शस्त्रं की स्वस्त ड्रोन?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. धाकटी पुढच्या आठवड्यात बेळगावात वादविवाद स्पर्धेत बोलणार आहे. विषय : ‘महागड्या शस्त्रांचे दिवस संपले’. तिच्या वाट्याला विरोधी बाजू आलीय, आणि घरात आजोबाच फितूर! मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत, म्हणतात, “पोरी, खंदक आणि जवान, बाकी सगळा बाजार.”

आकडे तर तिच्या विरोधातच जातात. पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं एक क्षेपणास्त्र साधारण ४० लाख डॉलरचं, आणि समोरून येणारं शाहेद हे इराणी बनावटीचं, आदळून फुटणारं ड्रोन अंदाजे २० ते ५० हजार डॉलरचं. युक्रेनने जून २०२५ मध्ये ट्रकांतून छोटी ड्रोन सोडून रशियाची बॉम्बफेकी विमानं तळावरच जाळली. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये ड्रोन पाडायला जुन्या एल-७० तोफा कामी आल्या. (हे कळल्यापासून आजोबांची मान ताठ.)

माझा एकच मुद्दा : क्षेपणास्त्राची किंमत ड्रोनशी नाही, ते ज्या वीजकेंद्राला वाचवतं त्याच्याशी ताडायची. शिवाय खूप उंचावरून प्रचंड वेगाने कोसळणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आलं तर एल-७० काय करणार? पण एवढ्यावर पाच मिनिटं कशी भरायची?

कुणी एअर डिफेन्समध्ये नोकरी केलेले असतील तर सांगा, जॅमिंगने (म्हणजे रेडिओ संदेशांत अडथळा आणून) ड्रोन नेमकं कसं अडवतात? आणि ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत जाणाऱ्या ड्रोनला जॅमिंग लागूच पडत नाही, मग त्याचं काय करायचं? सोप्या मराठीत लिहा, पोरगी नववीत आहे. जवळपास कुणी भेटायला तयार असेल तर रविवारी तिला घेऊन येतो.