अमेरिकन रेकॉर्ड प्लेयरवर कंट्री संगीत संथ का वाजते?

परभणीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे मामा बरीच वर्षे अमेरिकेत होते. तिकडून परतताना त्यांनी १९६०च्या दशकातील, सुटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेयर आणि कंट्री संगीताच्या (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांच्या) रेकॉर्ड आणल्या होत्या. आता हे सारे त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. जिम रीव्हज, पॅट्सी क्लाइन आणि हँक विल्यम्स या गायकांच्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्या) आहेत, शिवाय काही मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्याही आहेत. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्यावर यंत्र सुरू झाले, परंतु सगळेच गाणे संथ आणि जड ऐकू येते. जिम रीव्हज यांचा आवाज मुळातच खर्जाकडे झुकणारा असल्यामुळे आरंभी शंका आली नाही. पॅट्सी क्लाइन पुरुषी आवाजात गाऊ लागल्या तेव्हा मात्र खात्री पटली. एलपी ४५च्या गतीवर ठेवून पाहिली, तर ती घाईत आणि चिरकी वाजते.

कोडे असे आहे की, सोबत गती तपासण्याची पट्ट्यापट्ट्यांची कागदी चकती मिळाली असून ट्यूबलाइटखाली तिच्या ३३च्या पट्ट्या जवळजवळ स्थिर दिसतात, म्हणजे गती बरोबर असायला हवी. येथील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांच्या मते आतील रबरी चाक झिजले आहे. ते बदलावे काय?

संभाजीनगरकर

रबरी चाकाला हात लावू नका. ट्रान्सफॉर्मर केवळ व्होल्टेज उतरवतो. विजेची वारंवारता तो बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० आवर्तने), आपल्याकडे ५० हर्ट्झ, आणि अशा यंत्रांतील मोटारीचा वेग वारंवारतेवर ठरतो. त्यामुळे तुमची तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेत असणार. अडीच मिनिटांचे गाणे त्यामुळे तीन मिनिटे चालते आणि पट्टी तीन अर्धस्वरांहून किंचित अधिक उतरते. घरी हार्मोनियम असेल तर तेच गाणे मोबाइलवर लावून स्वर ताडून पाहा. ४५वर ठेवले की तबकडी ३७.५ने फिरते, म्हणून चिरकेपणा.

चकती खोटे बोलत नाही, पण ती अमेरिकेच्या दिव्यांसाठी छापलेली आहे. तिकडे दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓साठी २१६ पट्ट्या असतात. आपला चोकवाला ट्यूबलाइट १०० वेळा लुकलुकतो आणि त्याच्याखाली २१६ पट्ट्या नेमक्या २७.८ फेऱ्यांना स्थिर दिसतात, म्हणजे मोटार आणि चकती दोघींची चूक एकाच प्रमाणात आहे. ५० हर्ट्झसाठी १८० पट्ट्यांची चकती लागते. तीही नसली तरी तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून मिनिटभर फेरे मोजा, संशय फिटेल.

उपाय म्हणजे मोटारीच्या दांड्यावरील पायऱ्यापायऱ्यांची पुली बदलणे. प्रत्येक गतीसाठी तिची एक पायरी असते आणि ती रबरी चाकामार्फत तबकडी फिरवते. मोटारीचा घटलेला वेग भरून काढायला प्रत्येक पायरीचा व्यास १.२ पट हवा. चिकलठाणा किंवा वाळूज एमआयडीसीत लेथवर बारीक काम करणारे टर्नर आहेत, पितळेत करून देतील; मात्र ३३ची पायरी काही मिलिमीटरचीच असल्याने ०.०५ मिलिमीटरचा फरकही स्वराला जाणवतो, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

नांदेडकर

वरील निदान पटले. कंट्री संगीताला ही उतरलेली पट्टी विशेष मारक ठरते, कारण त्यातील पेडल स्टील गिटारची (तारांवर लोखंडी कांडी सरकवून वाजवायच्या गिटारची) मींड आणि फिडलचा तजेला स्वरांच्या नेमकेपणावर उभा असतो. १९२७ साली टेनेसीतील ब्रिस्टल येथे जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासून हे संगीत तबकडीवरच वाढले. रॉजर्स यांचे यॉडलिंग (आपल्याला ते किशोरकुमारांमुळे परिचित आहे) संथ गतीत ऐकले तर निव्वळ कण्हणे वाटते.

परंतु गतीआधी सुई तपासा. ७८च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर एलपीला सुमारे २५ मायक्रॉनची सुई लागते. तुमच्या यंत्राच्या काळातील पुष्कळ प्लेयरांत दोन्ही सुया असून खुंटी फिरवून त्या बदलतात. ७८ची सुई एलपीवर टेकली तर खाच कायमची जाते. स्टिरिओ एलपी असतील तर सुई वरखाली हलते का तेही बघा. जुन्या मोनो पिकअपची (सुई बसवलेल्या भागाची) सुई तशी हलत नाही आणि स्टिरिओ खाच खरवडते.

धुण्याबाबत एवढेच की, आपल्याकडील बोअरचे पाणी वापरू नये, कारण वाळल्यावर क्षार खाचेत राहतात. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. लाखेच्या ७८वर स्पिरिट कदापि लावू नये, लाख त्यात विरघळते. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड ठेवणे म्हणजे त्यांचे पापड करणे होय. आतल्या भिंतीच्या कपाटात उभ्याच ठेवा.

लातूरकर

मला पुली बदलणे मान्य नाही. मूळ भाग मूळच राहावा, या मताचा मी आहे. ६० हर्ट्झ देणारा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर घ्यावा. खर्च अधिक, पण यंत्र अबाधित राहते. भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरवर ते चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा असावा, नाहीतर मोटार गुरगुरते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या काळच्या पुष्कळ स्वस्त अमेरिकन यंत्रांत वीज थेट लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे आणि बाजारातले बरेच स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या करत नाहीत. धक्का जीवघेणा ठरू शकतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजू वेगळ्या करणारा) घेतल्याशिवाय यंत्र चालवू नका.

परभणीकर

सर्वांचे आभार. कपटा लावून मोजले, मिनिटाला जवळपास २८ फेरे भरले. मागच्या पट्टीवर ‘११७ व्होल्ट, ६० सायकल्स’ (म्हणजे ६० हर्ट्झ) असे कोरलेले आहे. सुई फिरवण्याची खुंटीही सापडली. कन्व्हर्टर सध्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून पुलीचा विचार करतो. पण मोटार तासाभरात बरीच तापते, ते चालेल का?

संभाजीनगरकर

६० हर्ट्झची मोटार ५० हर्ट्झवर जास्त प्रवाह ओढते, म्हणून तापते. व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवा: ११७च्या जागी ९८च्या आसपास. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतानाच १०० व्होल्टचा टॅप (मधूनच काढलेली जोडणी) काढायला सांगा. शेतीपंपांच्या मोटारी भरणाऱ्यांपैकी जो ट्रान्सफॉर्मरही भरतो त्याला हे जमते. जुनी पुली फेकू नका, लातूरकरांचा मुद्दा रास्त आहे. तिच्यावरच ०.४ मिलिमीटर जाडीची पितळी बाही (नळीसारखे आवरण) बसवता आली तर ३३ची पायरी तेवढ्यात सुधारते आणि हवी तेव्हा बाही काढताही येते. ७८च्या पायरीला अर्थातच अधिक जाड बाही लागेल, म्हणून आधी प्रत्येक पायरीचा व्यास मायक्रोमीटरने मोजून इथे लिहा, मग आकडे काढून देतो.