रोपं लावली तरी ढोली कुठून आणणार?

कोकणातल्या झाडतोडीवर 'तोडली त्याच्या पाचपट झाडं लावू, धनेश (मोठ्या बाकदार चोचीचे, फळं खाणारे पक्षी) येतील परत' असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. वड-उंबर जरूर लावा, खाण्याची सोय होईल. पण महाधनेशाला (धनेशांतली मोठी जात) घरट्यासाठी स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, लाकूड कुजून आपसूक झालेली आणि मादी मावेल एवढी मोठी ढोली जुन्या, भल्यामोठ्या घेराच्या झाडातच मिळते. अंडी घालायला मादी स्वतःला आत चिणून घेते, मग कित्येक आठवडे तिचं आणि पुढे पिल्लाचंही पोट नराच्या फेऱ्यांवर. त्या दिवसांत ते झाड पाडलं तर सगळंच संपलं. एका वीणीत बहुधा एकच पिल्लू वाढतं, त्यामुळे तूट लवकर भरत नाही.

अरुणाचलमध्ये 'पक्के' नावाच्या व्याघ्र प्रकल्पालगतचे न्यिशी जमातीचे गावकरी २०११ पासून घरट्यांची झाडं राखतात. त्यासाठी बाहेरचे लोक एकेक घरटं दत्तक घेऊन पैसे देतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कितीतरी रान खाजगी मालकीचं आहे. तिथे असं काही व्हायलाच हवं. रोपवाटिकेआधी जमीनमालकांशी बोला, निदान ढोलीचं झाड तरी लाकडाच्या सौद्यातून वगळायला सांगा.