बीएमडब्ल्यूच्या एम५४ इंजिनाची व्हॅनॉस सीलं बदलायची आहेत: ओ-रिंग मकरपुऱ्यातून घेतली तर चालेल का?

रावपुरा_ई४६

नमस्कार मंडळी. गाडी २००३ ची बीएमडब्ल्यू ई४६ (३-सिरीज) ३२५आय, मॅन्युअल, १,३८,००० किमी झालेली. लक्षणं अशी: ३००० आरपीएमच्या खाली गाडी ओढत नाही, त्याच्या वर एकदम जोर येतो. आयडलला सुई स्थिर असते पण इंजिन मधूनच किंचित हलतं. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत क्लच सोडताना अडखळते. चेक इंजिनचा दिवा नाही, स्कॅनरमध्ये कोडही नाही. प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत.

व्हॅनॉसच्या, म्हणजे तेलाच्या दाबानं कॅमशाफ्टची वेळ पुढे-मागे करणाऱ्या युनिटच्या, पिस्टनवरची सीलं कडक झाली असावीत असं वाटतं. बाहेरून किट मागवायचं तर कस्टम धरून बराच खर्च आणि वाट पाहणं. आपल्याकडे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) व्हायटनच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराच्या, ओ-रिंगा पाकिटानं मिळतात, टेफ्लॉनचा रॉड मिळतो, लेथवाले आहेत. मग सीलाच्या दोन्ही रिंगा, रबराची आणि टेफ्लॉनची, इथेच का करू नयेत? आणि युनिट काढताना टायमिंग लॉक करायची हत्यारं लागतात का?

जुनं_इंजिन

लक्षणं सीलांचीच वाटतात, पण व्हॅल्व्ह कव्हर उघडण्याआधी तीन गोष्टी तपासा. या तिन्हींची लक्षणं जवळपास हीच असतात आणि तिन्ही व्हॅनॉसपेक्षा स्वस्तात सुटतात.

पहिली, हवेची गळती. इंजिन गरम करून स्कॅनरवर दोन्ही बँकांचा (तीन-तीन सिलिंडरच्या गटांचा) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा. आयडलला +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला उतरून शून्याजवळ येत असेल, तर एअर मीटरच्या पुढे कुठेतरी फुकटची हवा आत शिरते आहे. थ्रॉटलकडे जाणारा रबरी बूट हातानं वाकवून घड्यांच्या आत बघा, चिरा तिथेच पडतात. वरून बूट धडधाकट दिसतो.

दुसरी, डिसा व्हॉल्व्ह, म्हणजे इनटेकमधली हवेची वाट बदलणारी झडप. टी४० टॉर्क्सचे दोन बोल्ट काढले की हातात येतो. आतली झडप पिनवर खेळत असेल तर तसाच परत बसवू नका. पिन तुटून इनटेकमध्ये पडली तर पुढचा खर्च वेगळाच. त्याच्या तोंडावरची ओ-रिंगही याच वयात सपाट होते.

तिसरी, क्रँककेस ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह. आयडलला तेलाचं झाकण सैल करा. हलकी ओढ जाणवली तर ठीक. झाकण जोरात खाली ओढलं जात असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ब्रीदरचा पडदा फाटलाय.

हे तिन्ही ठीक असेल तर मग व्हॅनॉस. कोड का येत नाही, हाही प्रश्न रास्त आहे. कॅम ठरलेल्या जागी उशिरा पोचतो, पण पोचतो. नियंत्रकाला दोष नोंदवण्याइतका फरक बहुतेक वेळा दिसतच नाही. या इंजिनात इनटेक कॅम क्रँकच्या हिशेबानं ४० अंश आणि एक्झॉस्ट २५ अंश फिरतो. कमी आरपीएमला तेलाचा दाब आधीच कमी, त्यात पिस्टनच्या कडेनं तेल निसटलं की हा प्रवास सुस्त होतो. वर दाब वाढला की गळती असूनही काम भागतं. तुमची ३००० ची रेषा तिथून येते.

ओरिंग_दांडियाबाजार

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

रचना आधी नीट समजून घ्या. प्रत्येक पिस्टनच्या खाचेत दोन रिंगा असतात: बाहेर टेफ्लॉनची, तिच्याखाली रबराची. सिलिंडरला घासते ती टेफ्लॉन. पण टेफ्लॉनला स्वतःचा ताण जवळजवळ नसतो, तिला बाहेर दाबून धरते ती रबराची ओ-रिंग. म्हणजे टेफ्लॉन झिजली नसली तरी खालचं रबर मेलं की सील गेलं. मूळ रबर नायट्राइल, म्हणजे बुना. ते सतत १०० ते १२० अंशांपर्यंत तग धरतं. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ९७ अंशांचा, त्यात आपला मे महिना आणि दुपारचं ट्रॅफिक, म्हणजे रबर कायम मर्यादेच्या काठावर. जुनी रिंग काढाल तेव्हा बघा: गोल छेद चौकोनी झालेला असतो, वाकवली तर मोडते. व्हायटन, म्हणजे एफकेएम, २०० अंशांपर्यंत चालतं आणि गरम तेलात कडक होत नाही. थंडीत ते आखडतं, पण उणे १५ अंश बडोद्यात येणार नाहीत.

ओ-रिंग इथे घेता येईल. कोयली रिफायनरी आणि नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांमुळे एफकेएमचा माल आपल्याकडे कायम असतो. मात्र जुनी रिंग घेऊन "अशीच द्या" म्हणू नका. ती दबून बसलेली आहे, तिचं माप खोटं. व्हर्नियरनं तीन मापं घ्या: खाचेच्या तळाचा व्यास, सिलिंडरचा आतला व्यास, टेफ्लॉन रिंगची जाडी. सिलिंडरच्या व्यासातून खाचेचा व्यास वजा करून निम्मा करा, त्यातून टेफ्लॉनची जाडी वजा करा. उरते ती ओ-रिंगची जागा. रिंगची जाडी अशी हवी की त्या जागेत ती १० ते २० टक्के दबेल. नुसतं उदाहरण म्हणून: जागा १.५ मिमी असेल तर १.७८ मिमीची रिंग सुमारे १६ टक्के दबते, ठीक. २ मिमीची घातली तर २५ टक्के, आणि पिस्टन जड होतो. जड पिस्टन म्हणजे पुन्हा सुस्त कॅम, फक्त कारण उलटं. आतला व्यास खाचेपेक्षा थोडा लहान असू द्या, ५ टक्क्यांपर्यंत ताण चालतो. कडकपणा ७० किंवा ७५ शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायची पट्टी). ९० ची घेऊ नका.

आणि व्हायटन म्हणून नायट्राइल गळ्यात मारलं जातं, तेव्हा रंगावर विश्वास नको. तपकिरी नायट्राइलही मिळतं आणि काळं एफकेएमही. वजन करा. एफकेएमची घनता १.८ च्या वर असते, नायट्राइलची १.२ च्या आसपास. सारख्याच मापाच्या दहा-दहा रिंगा सोनाराच्या काट्यावर ठेवल्या की फरक लपत नाही. काही जण जाळून बघायला सांगतात, ते मुळीच करू नका. एफकेएम जळताना हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, तो फुप्फुसाला आणि कातडीला फार वाईट.

टेफ्लॉन रिंग मात्र लेथवर करून घेऊ नका. बाजारात काच भरलेला टेफ्लॉन सहज मिळतो, तो अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला खरवडतो. शुद्ध टेफ्लॉन घेतला तरी इतकी पातळ रिंग कापताना चकमध्ये दबते, सोडली की अंडाकृती होते. कडेला राहिलेला बारीकसा काटाही सिलिंडरवर रेघ मारतो, आणि ती रेघ पुसता येत नाही. जुनी टेफ्लॉन रिंग पुन्हा वापरायचाही मोह होईल. ती कापल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटतो. एकूण काय, टेफ्लॉनसाठी किट घ्यावंच लागतं आणि त्यात व्हायटनची ओ-रिंग येतेच. दोन पिस्टन, दोन टेफ्लॉन, दोन ओ-रिंगा. मला विचाराल तर सरळ किट घ्या, स्थानिक ओ-रिंग फक्त अडीअडचणीला.

पाना_दहा

टायमिंगची हत्यारं या कामाला लागत नाहीत, कारण हेलिकल (तिरक्या) दात्यांचे शाफ्ट कॅमच्या स्प्रॉकेटमध्येच राहतात. अट एकच: युनिट बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही आणि ते शाफ्ट ओढून काढायचे नाहीत. गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवू नका, न्यूट्रल आणि हँडब्रेक.

आधी सामान जमवा: सील किट, व्हॅल्व्ह कव्हर गॅस्केट आणि बोल्टांचे रबर, व्हॅनॉस ते हेड गॅस्केट, तेलाच्या नळीच्या बँजो बोल्टचे (ज्याच्या पोटातून तेल जातं त्या पोकळ बोल्टचे) दोन वायसर, चांगलं सीलंट. तेल ६.५ लिटर आणि फिल्टर. हे सगळं हातात नसताना उघडू नका. हेडवर फडकं टाकून गाडी आठवडाभर उघडी ठेवली तर आपल्याकडची धूळ कॅमवर बसते.

इंजिन पूर्ण थंड हवं. वरची प्लास्टिक कव्हरं आणि केबिन फिल्टरचं घर काढा. तुमची मॅन्युअल आहे म्हणजे पंखा मेकॅनिकल असणार. त्याचा ३२ मिमीचा नट उलट्या आट्यांचा, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेनं सुटतो. पुली धरून ठेवायला दुसरा माणूस किंवा होल्डर लागतो. मग कॉइल, ब्रीदरची नळी, कव्हरचे १० मिमीचे बोल्ट. वीस वर्षांचं प्लास्टिक आहे, कॉइलच्या कनेक्टरची पट्टी स्क्रूड्रायव्हरनं उचकटली की तुटलीच.

पुढे युनिटवरचा तेलाच्या नळीचा १९ मिमीचा बोल्ट काढा, सोलेनॉइडचे कनेक्टर काढा. समोरची दोन झाकणं ८ मिमीच्या अॅलन की नं उघडतात. तेल सांडेल, खाली कापड धरा. आतलं छोटं झाकण लांब तोंडाच्या पकडीनं ओढून काढा. आता दिसतो टी३० टॉर्क्सचा स्क्रू, आणि इथे बहुतेकांचं काम फसतं. याचेही आटे उलटे आहेत. घड्याळाच्या दिशेनं फिरवून सोडायचा. नेहमीच्या सवयीनं फिरवला तर तो आणखी आवळला जातो, टॉर्क्सचे कोपरे गोल होतात, आणि मग युनिट हेडवरून सुटतच नाही. बिट नवा आणि लांब घ्या, स्क्रूच्या खोबणीतलं तेल पुसा, बिट तळापर्यंत बसलाय याची खात्री करून मगच जोर लावा. त्यानंतर भोवतालचे १० मिमीचे नट-बोल्ट काढले की युनिट सरळ पुढे येतं.

पिस्टन सिलिंडरातून ओढून काढा, इनटेक-एक्झॉस्ट खुणा करून वेगळे ठेवा. काढताना हाताला काय जाणवतं ते लक्षात घ्या. सील मेलेलं असेल तर पिस्टन जवळजवळ आपोआप घसरतो. जुनी टेफ्लॉन ब्लेडनं कापा, पण पातं आडवं धरून, खाचेच्या तळाला टेकू न देता. नवी ओ-रिंग आधी, पीळ न पडू देता. टेफ्लॉन रिंग गरम पाण्यात काही मिनिटं ठेवली की मऊ होते. एक कड खाचेत बसवून उरलेली बोटांनी हळूहळू आत ढकला. ताणली गेल्यामुळे ती लगेच सिलिंडरात जात नाही. तेल लावून चिमटीत गोल गोल दाबत राहा, मग पिस्टन फिरवत फिरवत आत घाला. कड दुमडतेय असं वाटलं तर मागे घ्या. आत गेल्यावर पुढे-मागे हलवा, विरोध सगळीकडे सारखा लागला पाहिजे.

बसवताना टी३० घड्याळाच्या उलट दिशेनं आवळायचा. बँजो बोल्ट ३२ न्यूटन-मीटर. कव्हरचे बोल्ट १० न्यूटन-मीटर, मधून बाहेरच्या क्रमानं. त्याहून जास्त नको, अॅल्युमिनियमचे आटे गेले तर नंतर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे बसवणं) करत बसावं लागतं.

रावपुरा_ई४६

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. ट्रिम बघितले: आयडलला +३, वर +२. डिसा आणि ब्रीदरही ठीक आहेत. म्हणजे किटच मागवतो. दोन शंका. गरम झाल्यावर २००० आरपीएमच्या आसपास पुढून बारीक खडखड येते, ती यात जाईल का? आणि सीलंट नक्की कुठे लावायचं?

जुनं_इंजिन

खडखड सीलांनी जात नाही. पिस्टनच्या आतल्या बेअरिंगला अक्षाच्या दिशेनं खेळ आलेला असतो, त्याला वेगळं रिंग किट असतं. ताकदीवर तिचा फारसा परिणाम नसतो, पण युनिट हातात असतानाच करून टाका. नंतर फक्त आवाजासाठी हे सगळं पुन्हा उघडणं जिवावर येतं.

पाना_दहा

सीलंट दोनच ठिकाणी: पुढे व्हॅनॉस आणि हेड जिथे मिळतात ते कोपरे, आणि हेडच्या मागच्या टोकाला गॅस्केट ज्या अर्धगोल खाचांत बसतं त्यांच्या कडा. मुगाच्या दाण्याएवढा ठिपका पुरे. गॅस्केटवर सगळीकडे फासू नका, आत पिळून निघालेलं सीलंट तेलात सुटतं. लावण्याआधी दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरनं कोरडे करा.

पहिल्यांदा सुरू करताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून थोडं क्रँक करा, म्हणजे युनिटमध्ये तेल भरेल. तरी पहिले काही सेकंद खडखडेल, ते चालतं. स्कॅनरनं अॅडॅप्टेशन, म्हणजे इंजिनाच्या संगणकानं शिकलेली जुनी मापं, रीसेट करा. सीलं बसायला काहीशे किलोमीटर लागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी निकाल लावू नका. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन एक्झॉस्टच्या बाजूनं कव्हरच्या खाली बघा. गॅस्केट जराही सरकलं असेल तर तेल मॅनिफोल्डवर टपकतं आणि वास एसीतून आत येतो.