रोंदाला एकच दिवस आहे, काय बघू?

मंजिरी, ग्वाल्हेर
मुलगा स्पेनमध्ये मालागाला शिकतो. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय, त्यातला एक दिवस रोंदासाठी ठेवलाय. फोटोंत जिथे तिथे तो पूलच. इतक्या खोल दरीच्या काठावर गाव वसवलं तरी का? आणि पूल सोडून काय बघावं? ह्यांचे गुडघे दुखतात.

किल्लावेडा, लष्कर
मंजिरीताई, आपण किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे, आपल्याला हे गाव चटकन कळेल. ग्वादालेवीन नदीने खडक कापून सुमारे 100 मीटर खोल घळ केली आहे. जुनं गाव त्या कड्यावर. चढून येण्याजोगी बाजू फक्त दक्षिणेची, म्हणून तट आणि अल्मोकाबार दरवाजा तिकडेच.

अडचण पाण्याची. आपल्या किल्ल्यावर सूरजकुंड, जौहरकुंड माथ्यावरच आहेत. वेढा पडला तरी पाणी हाताशी. रोंदाचं पाणी दरीच्या तळाला! म्हणून मुस्लिम राजवटीत कड्याच्या पोटातून नदीपर्यंत जिना खोदला आणि गुलामांकडून पाणी वर आणवलं. 1485 च्या मे महिन्यात ख्रिश्चन राजा फर्नांदोच्या फौजेने तोफा डागल्या, ही पाण्याची वाट तोडली, आणि इतकं बळकट गाव थोड्या दिवसांत शरण आलं. माझं स्पष्ट मत, रोंदा समजून घ्यायचं तर तो जिना उतरायलाच हवा. ‘कासा देल रे मोरो’ या वाड्याच्या आवारातून वाट आहे.

पूल फार नंतरचा. 1735 चा पूल सहा वर्षांत कोसळला, पन्नासएक माणसं गेली. आताचा 1751 ला सुरू होऊन 1793 ला पुरा झाला, उंची 98 मीटर.

स्वाती, वडोदरा
ताई, मी जाऊन आलेय. जिन्याच्या पायऱ्या ओल्या, उंच-सखल. भाऊजींना नका नेऊ. त्यांना अलामेदा बागेत बसवा, सपाट आहे आणि कठड्यावरून अख्खी दरी दिसते. 1785 चं बैलझुंजीचं मैदान शेजारीच. तुम्ही मात्र अरबी हमाम, म्हणजे जुनं स्नानगृह, चुकवू नका. छताला चांदणीच्या आकाराचे झरोके आहेत, त्यातून उन्हाचे कवडसे थेट फरशीवर पडतात. बाहेर रहाटाची जागा आहे. गाढव फिरवून पाणी वर चढवायचे.

किल्लावेडा, लष्कर
रहाटाचं बरं सांगितलंत! पण हमाम खालच्या अंगाला आहे, परतताना चढ लागतो. जिना सकाळीच उरका.

मंजिरी, ग्वाल्हेर
ठरलं. हे बागेत बसतील, मी आणि मुलगा आधी जिना उतरतो. हमाम जेवणानंतर, पाय साथ देतील तर.