पियानोची ऑडिशन आहे, पण घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि डाव्या हाताला भात्याची सवय

भाता_ते_पेडल:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. लहानपणापासून पेटी शिकले, विशारद झालेय. दोन वर्षांपासून पियानोची ओढ लागलीय, ऑनलाइन शिकते. चार महिन्यांनी एका विद्यापीठाच्या पियानोच्या पायाभूत वर्गाची ऑडिशन आहे. एक बरोक (बाखच्या काळातली) रचना, सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) किंवा सोनाटिनाचा (छोट्या सोनाटाचा) एक भाग, एक आवडीची रचना, शिवाय स्केल्स (सुरांचे आरोह-अवरोह) आणि समोर ठेवलेलं नवं नोटेशन तिथल्या तिथे वाजवणं.

बाखचं आठवं इन्व्हेन्शन (दोन हातांच्या दोन स्वतंत्र ओळींची छोटी रचना) आणि क्लेमेंटीची ओपस ३६ (३६ क्रमांकाचा रचनासंच) मधली पहिली सोनाटिना बसवलीय. घरचा कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, पट्ट्या एकदम हलक्या. मागच्या आठवड्यात पुण्यात एका दुकानात खऱ्या पियानोवर बसले, तर मधले सूर उमटेचनात. बोट पडतंय, पट्टी खाली जातेय, आवाज नाही. तिथेच रडू आलं.

आणि डावा हात! इतकी वर्षं त्याने भाताच मारला. उजवा पळतो, हा मागे फरफटतो.

बाबा चादरीच्या कारखान्यात आहेत. म्हणतात, यंदाचा बोनस तुझ्या डिजिटल पियानोला. त्यांचा पैसा वाया जाऊ नये म्हणून विचारते, घ्यावा का?

रविवारचा_पियानो:
बाळ, मीही सोलापूरचाच. आधी भजनाला पेटीची साथ करायचो, आता बरीच वर्षं चर्चमध्ये पियानो वाजवतो. तुझं झालं तेच माझंही झालं होतं.

पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी उसळून तारेवर आदळते. पट्टी फार हळू गेली तर हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही, म्हणून आवाज नाही. पेटीत पट्टी दाबली की वाट उघडते आणि हवा सुराच्या पातीतून जाते, बोट कितीही हळू ठेव. लहान-मोठा आवाज भाता ठरवतो. म्हणजे तुझा डावा हात इतकी वर्षं बिनकामाचा नव्हता बघ. आवाज चढवायचं-उतरवायचं सगळं काम त्याच्याकडेच होतं. तेच आता दहाही बोटांना शिकवायचंय.

त्यामुळे घे, पण ८८ पट्ट्यांचा आणि हॅमर अ‍ॅक्शनवालाच घे, म्हणजे पट्टीला खऱ्या पियानोच्या हातोडीसारखं वजन असलेला. सेमी-वेटेड, म्हणजे अर्धवट वजनाच्या पट्ट्यांचा, नको. पट्ट्यांच्या संख्येचंही महत्त्व आहे. तुझ्या ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं. बीथोव्हेनच्या सुरुवातीच्या सोनाटांच्या काळातला पियानोही पाच सप्तकांचाच होता, पण तो खालच्या एफपासून सुरू व्हायचा. तुझा कीबोर्ड त्याच्या वरच्या सीपासून सुरू होतो. डाव्या हाताचे सगळ्यात खालचे सूर त्यावर नाहीतच. बाखचं इन्व्हेन्शन मात्र त्यात बसतं.

इन्व्हेन्शनची निवड तर फारच चांगली केलीस. १७२३ साली त्याची स्वच्छ प्रत करताना बाखने पहिल्याच पानावर लिहिलं होतं की शिकणाऱ्याला दोन आवाज नीट वाजवता यावेत आणि वादन गातं असावं. गायकी अंग म्हणतो ना आपण, तेच. एफला सा धर, म्हणजे पांढरी चार. सुरुवात होते सा ग सा प सा सां. पुढच्याच बारला (नोटेशनमधल्या तालाच्या पुढच्या खान्यात) डावा तीच चाल एक सप्तक खाली उचलतो. महिनाभर डावा एकटा वाजव आणि उजव्याची ओळ तोंडाने सरगममध्ये गा. मग उलट कर. पेटीवाल्याचा कान तयार असतो, त्याचा फायदा घे.

आमच्या चर्चमध्ये जुना उभा पियानो आहे. उन्हाळ्यात सूर उतरतो, कानाला खटकेल, पण पट्टीचं वजन खरं आहे. रविवारी प्रार्थना झाली की ये, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन.

सिद्धेश्वरने_मुंबई:
अगं, मी अशी ऑडिशन दिलीय, म्हणून एकच सांगते. माझ्या आधीचा मुलगा उंच होता. त्याने ठेवलेलं स्टूल तसंच ठेवून मी बसले, खालीवर करायची लाज वाटली. कोपरं खाली राहिली आणि पहिली स्केल घसरली. तू आत गेल्यावर आधी स्टूल नीट कर, पेडलला पाय पोचतोय का बघ, मगच हात ठेव. परीक्षक थांबतात.

नोटेशन वाचायला रोज एक नवं, सोपं पान घे. चुकलीस तरी थांबू नकोस, ताल सोडू नकोस. भातखंडे लिपीची (सा रे ग अक्षरांत लिहिण्याची) सवय असेल तर डाव्या हाताचा बेस क्लेफ (खालच्या सुरांच्या पाच रेघांची खूण) जड जातो, तो आधी धर.

भाता_ते_पेडल:
काका, ताई, खूप खूप आभार. काल रात्री डावा एकटा वाजवून वर सरगम म्हणून बघितली. चौथ्या बारनंतर गळा आणि हात दोन्ही अडकले, पण तिथपर्यंत डावा पहिल्यांदाच स्वतःहून चालला.

काका, रविवारी बाबांना घेऊन येऊ का? त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, हातोडी उसळून परत कशी येते ते बघायचंय.

रविवारचा_पियानो:
आण की. पुढची फळी काढून दाखवतो त्यांना.