दक्षिण गंगोत्री म्हणजे पैसे बर्फात घातले?

वास्कोकर: काल इथे एकाने लिहिलं, दक्षिण गंगोत्री (अंटार्क्टिकातलं आपलं पहिलं स्टेशन) १९८४ ला बांधली, १९९० ला सोडून दिली, जनतेच्या पैशाचा बर्फात चुराडा झाला. डोकंच फिरलं वाचून. अहो ते स्टेशन जमिनीवर नव्हतंच, आइस शेल्फवर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर होतं! दरवर्षी वर बर्फ साठत जातो, घर खाली गाडलं जातं आणि अख्खा शेल्फ समुद्राकडे सरकत असतो. ८१ जणांनी आठ आठवड्यांत उभं केलं ते, आणि आपली माणसं पहिल्यांदा तिथला हिवाळा काढून आली. पहिली मोहीम १९८१ ला आमच्या मुरगाव बंदरातूनच सुटली होती, म्हणून जरा जास्तच लागतं.

खडूस_इंजिनियर: पोस्ट माझीच. बर्फ साठतो हे तेव्हा माहीत नव्हतं का? ब्रिटिशांचं आइस शेल्फवरचं हॅली स्टेशन १९५६ पासून गाडलं जात होतं, त्यांना नवीन नवीन बांधावं लागलं. आपलं पुढचं स्टेशन मैत्री १९८९ ला खडकावर बांधलं, ते आधीच का नाही?

सविता_ठाणे: कारण अंटार्क्टिका करारात मताचा हक्क हवा होता, त्याला स्टेशन दाखवावं लागतं.

खडूस_इंजिनियर: चूक. तो हक्क सप्टेंबर १९८३ ला मिळाला, स्टेशन त्यानंतरच्या उन्हाळ्यात.

सविता_ठाणे: बरं, तारीख तुमची खरी. पण तिथे १९८४ पासून पोस्ट ऑफिस होतं, त्याचा शिक्का असलेलं पाकीट आमच्या बाबांकडे होतं. शाळेच्या प्रदर्शनाला दिलं ते परत आलंच नाही. बाबा शेवटपर्यंत विचारत होते.

पाकीटवेडा: ताई, शिक्का नक्की तिथलाच होता का? गोव्यातच मारून देत असतील.

वास्कोकर: उगाच काहीही! पाकिटं मोहिमेबरोबर जहाजातून जातात, तिकडे शिक्का बसतो, मग परत येतात. माहीत नसेल तर कुणाच्या वडिलांच्या वस्तूवर शंका घेऊ नका.

पाकीटवेडा: शंका नाही हो, मीही फसलोय एकदा, म्हणून विचारलं. माफ करा ताई.

खडूस_इंजिनियर: पाकिटं पुरे. मागे राहिलेल्या सामानाचं काय? तिथलंच विल्क्स स्टेशन बघा, अमेरिकेने १९५७ ला बांधलं, १९५९ ला ऑस्ट्रेलियाला दिलं, १९६९ ला बंद, इंधनाची पिंपं अजून बर्फात. म्हणून तर अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठीच्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलमधे आपलं आपण साफ करा असं लिहावं लागलं.

वास्कोकर: हे मान्य, कचऱ्याचा हिशोब द्यायलाच हवा. पण ब्रिटिशांचं तिथलं पोर्ट लॉकरॉय स्टेशन १९६२ ला बंद पडलेलं, १९९६ ला दुरुस्त करून म्युझियम केलं, तिथे लोक रांगा लावतात, आणि आपल्या स्टेशनला तुम्ही पैशाचा चुराडा म्हणता. तो शब्द मागे घ्या.

खडूस_इंजिनियर: चुराडा शब्द मागे. जागा चुकली, यावर ठाम आहे.

सविता_ठाणे: कुणाकडे तसलं पाकीट असेल तर निदान फोटो टाका, आईला दाखवायचंय.