सावजीचं बिल आणि बँकेचा दंड: 2,360 परत मिळाले, तरी चूक आमचीच?

बुटीबोरी_अपडाऊन
परवा माजी_कॅशियर यांनी इथंच लिहिलं होतं: "मिनिमम बॅलन्सचा दंड परत मागणारे म्हणजे सावजीत पोटभर जेवायचं आणि उठताना 'तिखट होतं' म्हणून बिल द्यायचं नाही, त्यातले. दर बोर्डावर लावलेले असतात." खाली धडाधड अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

धाकट्या बहिणीचं खातं आहे. बुटीबोरीच्या कंपनीत होती तेव्हा पगाराचं, झिरो बॅलन्स. 2023 च्या दिवाळीनंतर नोकरी सोडली. पगार येणं थांबलं तसं बँकेनं ते साध्या बचत खात्यात टाकून दिलं, किमान शिल्लक 5,000. खात्यात होते 2,006. मग दर तिमाहीला 500 दंड, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. अशा चार तिमाह्या. 2025 च्या एप्रिलात पासबुक भरायला गेली तर शिल्लक उणे 354. उणे! म्हणजे जेवण तर सोडाच, पाणीही न पिता ही पोरगी सावजीवाल्याचे साडेतीनशे देणं लागते.

शाखेत विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आम्ही नाही कापत, सिस्टम कापते." जणू सिस्टम स्वतःच मेट्रोनं येते न कापून जाते.

तर कॅशियर साहेब, बोर्डाशेजारी आणखी एक कागद असतो. रिझर्व्ह बँकेचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक, 1 एप्रिल 2015 पासून लागू. शिल्लक कमी झाली तर आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं, भरायला महिनाभर द्यायचा, मगच दंड. दंडही जेवढी तूट त्या प्रमाणात. आणि निव्वळ या दंडापायी खातं उण्यात जाता कामा नये. हे शेवटचं तर शेंबड्या पोराला कळेल असं लिहिलेलं आहे.

मी अर्ज लिहिला, दोन प्रती. एकीवर शिक्का आणि तारीख मागितली तर मॅडम म्हणाल्या, "ठेवून जा, बघतो." अर्धा तास तिथंच उभा राहिलो, तेव्हा पोच मिळाली. तीस दिवस काही उत्तर नाही. मग बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार टाकली, पोचेचा फोटो जोडून. बाराव्या दिवशी शाखेतून फोन: "ताई, ते 354 माफ करून देतो, तक्रार मागे घ्या न." ताई म्हणाल्या, सगळे. 2,360 जमा झाले.

आता सांगा, बिल कोणी बुडवलं?

माजी_कॅशियर
34 वर्षं काउंटरला काढली. तुमचा अर्ज घेणाऱ्या मॅडमसारख्या दहा जणी माझ्या हाताखाली तयार झाल्या. थोडं आमचंही ऐका.

पहिला प्रश्न. खात्याला मोबाईल नंबर कोणता जोडला होता?

दुसरं. 5,000 ला 2,006 म्हणजे तूट 2,994, जवळपास 60 टक्के. पुढं शिल्लक कमीच होत गेली, तूट वाढतच गेली. बहुतेक बँकांत 50 टक्क्यांवरच्या तुटीला एकच स्लॅब, म्हणजे दंडाचा एकच टप्पा असतो. तेव्हा चारही वेळा 500 लागले तर "प्रमाणात नाही" हे म्हणणं टिकत नाही.

उरलं उणे खातं. ते चुकीचं होतं, मान्य. म्हणजे 354 तुमचा हक्क. बाकी 2,006 बँकेनं तक्रारीचा निपटारा लवकर व्हावा म्हणून सोडले. त्याला आमच्यात गुडविल म्हणतात. उपकार झाल्यावर गावभर डंका पिटायचा नसतो.

झिरोमाईल_71
गुडविल! माझ्या लग्नातही एवढं गुडविल कोणी दाखवलं नव्हतं.

बुटीबोरी_अपडाऊन
नंबर कंपनीनं दिलेल्या सिमचा होता. नोकरी सुटली, सिम परत गेलं.

माजी_कॅशियर
तेच म्हणतो. चार तिमाह्यांचे एसएमएस त्या सिमवर गेले. बँकेनं कळवलं. तुम्ही नंबर बदलला नाही, दोष बँकेचा?

बुटीबोरी_अपडाऊन
बरं, नंबर बदलायला हवा होता, घ्या. पण ईमेल तिचा स्वतःचा होता, त्यावर एक ओळ नाही. पत्ताही तोच, मानेवाड्याचा. पर्सनल लोनच्या जाहिराती मात्र त्याच ईमेलवर आठवड्याला तीन.

मानेवाडा_मेघा
दंडाचं सोडा. माझ्या आईच्या खात्यातून दर मे महिन्यात 436 रुपये विम्याचे जातात. जीवनज्योतीचे. आई म्हणते मी सही केलीच नाही. शाखेत म्हणतात फॉर्म आहे. दाखवा म्हटलं तर फाईल गोडाऊनला. 20 रुपयांचा अपघात विमा आहे त्याला आमची ना नाही, पण न विचारता कसं काय लावतात?

माजी_कॅशियर
मेघाताई, लेखी द्या, पुढच्या वर्षापासून बंद होईल. पण 436 मध्ये 2 लाखांचं संरक्षण आहे, बंद करण्याआधी विचार करा.

मानेवाडा_मेघा
विचार आम्हीच करायचा होता काका. आधी.

इतवारीकर
राजेहो, कायले डोकं खपवून राहिले बँकेच्या मागं? मी गेल्या 19 वर्षांपासून पतसंस्थेत डेली भरतो. रोज संध्याकाळी पोरगा दुकानात येते, 300 नेते, मशीनवर पावती देते. ना मिनिमम बॅलन्स, ना एसएमएसचे पैसे, ना लोकपाल. मले कर्ज पाहिजे तर अध्यक्ष स्वतः चहा पाजते. तुमच्या बँकेत मॅनेजरचं तोंड तरी दिसते का?

सक्करदरा_सून
इतवारीकर, चहा पाजतो म्हणूनच भीती वाटते.

माझ्या सासऱ्यांचे निवृत्तीचे 6 लाख होते एका पतसंस्थेत. त्यांनाही चहा मिळायचा, दिवाळीला चिवड्याचं पाकीटही. एका सोमवारी शटर खाली. अध्यक्षांचा फोन बंद. सासरे रोज सकाळी जेवून तिथं जाऊन बसायचे, जणू ड्युटी आहे. उन्हाळ्यात, 45 डिग्रीत, डोक्याला दुपट्टा बांधून. दोन वर्षांत 40 हजार आले, तेही हप्त्यांनी. ते गेले तेव्हा पिशवीत त्या पावत्याच होत्या.

590 रुपयांसाठी भांडता येतं, हे नशीब समजा.

इतवारीकर
वहिनी, वाईट झालं. पण सगळ्याच पतसंस्था तशा नसतात. आणि बँका काय धुतल्या तांदळाच्या? नागपूर जिल्हा बँकेचं काय झालं होतं, विसरले का लोकं?

वकीलीण_सिव्हिल_लाईन्स
दोन गोष्टींची खिचडी होते आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही पतसंस्था नाही. तिचं प्रकरण 2001-02 चं, सरकारी रोख्यांच्या खरेदीत पैसे अडकले. कोर्टाचा निकाल डिसेंबर 2023 मध्ये आला, पाच वर्षांच्या शिक्षेचा. एकवीस वर्षं. तेवढ्या काळात किती शेतकरी ठेवीदार खपले, ते मोजायला कोणी बसलं नाही.

आता पतसंस्था. तिची नोंदणी सहकार कायद्याखाली, देखरेख निबंधकांची. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिच्याबद्दलची तक्रार घेत नाही. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतचा ठेव विमा आहे, फेब्रुवारी 2020 पासून. पतसंस्थेला तो नाही. ठेवी बुडाल्या तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा आहे, त्याखाली गुन्हा नोंदवता येतो, मालमत्ता जप्त होते. पण जप्ती आणि पैसे हातात येणं यात एक पिढी जाते, हे मी रोज बघते.

इतवारीकर
म्हणजे आमच्यासारख्या लहान दुकानदारानं जावं कुठं? बँक 300 रुपये घ्यायले दारावर येईल का? शाखेत दुपारी गेलं तर दुकान कोणी पाहावं? तुम्ही एसीत बसून कायदे सांगता.

वकीलीण_सिव्हिल_लाईन्स
माझ्या चेंबरचा एसी मार्चपासून बंद आहे.

झिरोमाईल_71
इतवारीकर, 19 वर्षांत किती जमले एवढंच सांगा. नाही सांगणार. कारण डेलीवर कर्ज घेऊन डेली भरून राहिले असाल.

इतवारीकर
तुझ्या बापाचे भरून राहिलो का बे?

सक्करदरा_सून
भाषा सांभाळा दोघंही. माझ्या सासऱ्यांच्या पावत्यांवर कोणी हसायचं नाही इथं.

इतवारीकर
तुमच्यावर नाही वहिनी. माफ करा. एकदा दुकानात येऊन जा, पासबुक दाखवतो. आणि झिरोमाईल, तू पण ये, पण आधी माफी माग.

झिरोमाईल_71
मागतो, बापा. बापावरून बोलला तू, माफी मागू मी. चांगलं आहे.

आता माझं ऐका, कोणी विचारलं नाही तरी. वर्धा रोडवरच्या एटीएमनं 3,000 कापले, नोटा आल्याच नाहीत. सोळाव्या दिवशी परत आले. मी खूश होऊन पेढे वाटायच्या बेतात. मग पुतण्या म्हणाला, काका, व्यवहारानंतर पाच दिवसांत परत करायचे असतात, पुढं रोजचे 100 भरपाई, 2019 पासूनचा नियम, तेही ग्राहकानं मागायची गरज नाही, बँकेनं स्वतःहून द्यायची. म्हणजे अकरा दिवसांचे 1,100. दिले? छे. स्वतःहून बँक फक्त कापते.

माजी_कॅशियर
ते मागा. ते पक्कं तुमचं आहे.

एटीएमचा विषय निघालाच आहे तर, मागच्या आठवड्यात इथं कोणी तरी रडत होतं की दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर तीनच व्यवहार फुकट. तीनची मर्यादा मेट्रो शहरांत. नागपूरला पाच. वर गेलात तर 1 मे 2025 पासून 23 रुपयांपर्यंत, अधिक जीएसटी.

झिरोमाईल_71
काका, नागपुरात मेट्रो चालू होऊन किती वर्षं झाली!

माजी_कॅशियर
खांबावरची मेट्रो वेगळी, रिझर्व्ह बँकेची वेगळी. तिच्या यादीत सहाच शहरं. देवाची कृपा समजा की आपण त्यात नाही.

बुटीबोरी_अपडाऊन
विषय माझा होता, आठवतो का कोणाला?

कॅशियर साहेब, स्लॅबचा हिशेब तुमचा बरोबर निघाला. बँकेचा तक्ता काढून पाहिला, 50 टक्क्यांवर एकच दर. तेवढं मागं घेतो. पण गुडविल हा शब्द मागं घेत नाही. संसदेत 2024 मध्ये आकडा आला होता, सरकारी बँकांनी 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत किमान शिल्लक नाही म्हणून जवळपास 8,500 कोटी वसूल केले. हे कोणाचे? ज्याच्या खात्यात 5,000 राहत नाहीत त्याचे. ज्याच्या खात्यात पाच लाख आहेत त्याला मॅनेजर कॅलेंडर घरपोच देतो.

आणि दंड गरजेचाच असता तर स्टेट बँकेनं 2020 मध्ये बंद कसा केला? 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा यांनी सोडला. कोणती बुडाली?

माजी_कॅशियर
बुडाली नाही, पण खर्च कोणी तरी भरतोच. शाखेचं भाडं, वीज, पासबुकची शाई. फुकट काही नसतं. उलट एका मोठ्या खासगी बँकेनं ऑगस्ट 2025 मध्ये शहरांतल्या नव्या खात्यांना 50,000 ची शिल्लक लावली, बोंब झाली तशी काही दिवसांत 15,000 वर आणली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरही तेव्हा म्हणाले, किती ठेवायची ते बँकेनं ठरवावं. रक्कम हा व्यापारी निर्णय आहे, त्यावर लोकपाल बोलत नाही.

वकीलीण_सिव्हिल_लाईन्स
रक्कम किती, यावर बोलत नाही. सूचना दिली का, यावर बोलतो. अपडाऊन यांचं प्रकरण लढवलं असतं तर सिमवर एसएमएस पोचल्याचा पुरावा बँकेलाच द्यावा लागला असता. त्यांनी तो द्यायचा त्रास घेतला नाही, पैसे दिले. यावरून काय समजायचं ते ज्यानं त्यानं समजावं.

लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, आणि वकिलानं यावं असंही त्यांना वाटत नाही, म्हणून हे सांगून मी स्वतःचंच नुकसान करते आहे. बँकेचं उत्तर आल्यावर मुदतीच्या आत जा. ग्राहक आयोगात तेच प्रकरण टाकलं असेल तर लोकपाल घेणार नाही, तेव्हा दोन्ही दगडांवर पाय नको.

माजी_कॅशियर
पुराव्याचा मुद्दा ठीक आहे. आमच्या वेळी रजिस्टर ठेवायचो, पोस्टाच्या पावतीसकट. आता सगळं सिस्टममध्ये, आणि सिस्टमला विचारायला मुंबईला मेल करावा लागतो. सावजीचा दाखला तुमच्या बहिणीला लागू नव्हता, एवढं लिहून ठेवतो. बाकीच्यांना आहे.

मानेवाडा_मेघा
काका, एक खरंच विचारायचं आहे. भाच्याचं स्कॉलरशिपचं खातं आहे, त्यालाही 3,000 ची अट लावली. पैसे वर्षातून एकदा येतात. काय करू?

माजी_कॅशियर
बेसिक सेव्हिंग खात्यात बदलून मागा, बीएसबीडी म्हणा. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. मात्र त्या बँकेत त्याचं दुसरं बचत खातं चालणार नाही, असेल तर तीस दिवसांत बंद करावं लागेल. "आमच्याकडे असं खातं नसतं" असं सांगतील. असतं. अर्ज लेखी द्या.

मानेवाडा_मेघा
पोच घेऊ न?

माजी_कॅशियर
घ्या. तारीख नीट उमटली का तेही बघा, तिथल्या शिक्क्याची शाई नेहमी वाळलेली असते.

इतवारीकर
झिरोमाईल, दुकान 8 पर्यंत उघडं हाय. येतो का नाही?

झिरोमाईल_71
चहा पाजशील तर येतो. पतसंस्थेचा नको.